अंगठा आहे, पण कात्री धरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या पुरवणीत अपघात विम्यावर लेख आला होता. पॉलिसी घ्यावी, वेळेत घ्यावी, घरातल्या कमावत्या माणसाची आधी घ्यावी, हे त्यात नीट सांगितलं होतं. पैसे भरायचे कसे ते सगळेच सांगतात, मागायचे कसे ते कुणी सांगत नाही. मला ते कळायला दोन वर्षं लागली, म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर कापा, माझा धंदाच कापण्याचा आहे, मला राग येणार नाही. फक्त दवाखान्याच्या चिठ्ठीचा भाग तेवढा ठेवा.

मी कराडची. सत्तावीस वर्षं ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, एक पिको-फॉलचं, हाताखाली कुणी नाही. नवरा वारल्यापासून घर याच खोलीवर चालतं. बँकेत खातं काढायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी एक अपघाताची पॉलिसी गळ्यात मारली, असंच मला तेव्हा वाटलं होतं. दहा लाखांचं संरक्षण, वर्षाला हजार-बाराशे रुपये. पॉलिसीची बत्तीस पानं इंग्रजीत. मी ती तांदळाच्या डब्याखालच्या पिशवीत ठेवली आणि विसरले.

१७ जानेवारी २०२३, मंगळवार. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. काळ्या साड्यांवरचे ब्लाउज हातावेगळे करून लग्नसराईचं अस्तर आणायला निघाले होते. ओगलेवाडीच्या रस्त्यावर ट्रॉलीतून ऊस सांडलेला होता. हंगामात आमच्याकडे रस्त्यावर ऊस असायचाच, पोरं तो उचलून खातात आणि आमच्यासारखे त्यावरून घसरतात. पुढचं चाक कांडीवर गेलं, स्कूटी आडवी झाली आणि उजवा अंगठा ब्रेकच्या दांड्याखाली सापडला. अंगठ्याच्या बुडाचा सांधा फुटला, वरची शीर तुटली. त्याच दिवशी ऑपरेशन करून तारा घातल्या.

आता चिठ्ठीची गोष्ट. दवाखान्यात शिरल्या शिरल्या एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, पडले. त्यानं कागदावर लिहिलं, ‘पडल्याने इजा’. झालं. कुठं पडले, कशावरून पडले, किती वाजता, काही नाही. मी कळवळत होते, तो दमलेला होता, दोष कुणाला द्यायचा? पण चार महिन्यांनी विमा कंपनीचं पहिलं पत्र आलं ते याच दोन शब्दांवर. केसपेपरवर रस्ता अपघाताची नोंद नाही, घरात पडला नाहीत कशावरून? खरं तर घरात पडले असते तरी तो अपघातच होता. पण रस्त्यावर म्हणता आणि कागद बोलत नाही, म्हणजे काहीतरी लपवताय, असा त्या पत्राचा सूर.

चौथ्या दिवशी माझ्या भाच्यानं ती चिठ्ठी वाचली होती, म्हणून बरं. तो बांधकाम खात्याच्या ठेकेदाराकडे हिशेब लिहितो, त्याला कागदाची नजर आहे. त्यानं मोठ्या डॉक्टरांना गाठून खाली वेगळी नोंद करून घेतली: दुचाकीवरून घसरून, ओगलेवाडी रस्ता, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मद्यपानाचा वास नाही. सही, शिक्का, तारीख. जुनी ओळ खोडायची नाही, हे त्यानं डॉक्टरांनाच सांगितलं. खोडलेला कागद आणि फाटलेला कागद सारखाच. पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन साधा अर्ज दिला, त्याची पोच घेतली. दुसरी गाडी नाही, तक्रार कुणावर नाही, मग पोलीस कशाला, असं मला वाटत होतं. पण त्या पोचेवरची तारीख पुढे माझ्या बाजूनं बोलली.

कंपनीला कळवायला मला नऊ दिवस लागले, कारण पॉलिसी आहे हेच नवव्या दिवशी आठवलं. तांदूळ संपले तेव्हा. उशीर का, म्हणून त्यांनी विचारलं. उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकानं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०११ मध्येच कंपन्यांना कळवून ठेवलं आहे. मी दवाखान्यात भरती असल्याचे कागद लावले आणि ते एका ओळीत लिहिलं. तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

पॉलिसीत माझ्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. एक आठवडी भरपाई: अपघातानं काम पूर्ण बंद पडलं तर दर आठवड्याला विमा रकमेचा एक टक्का किंवा पाच हजार, यात कमी असेल ते. म्हणजे मला पाच हजार. दुसरी, कायमच्या अंशतः अपंगत्वाची. त्याला एक तक्ता आहे, आणि तो तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर २५ टक्के, एकच पेर गेलं तर १०. तर्जनी पूर्ण १०. पायाचा अंगठा ५. खाटकाच्या दुकानातल्या दरपत्रकासारखा तक्ता. पण तो पाठ करावा लागतो, कारण कंपनीशी बोलताना ‘माझा हात कामातून गेला हो’ याला किंमत नाही. ‘तक्त्यातल्या अमुक ओळीप्रमाणे’ याला आहे.

आठवडी भरपाईत मी कुठं ठेचकाळले ते सांगते. दवाखान्यातून सोडताना कार्डावर लिहिलं होतं, ‘६ आठवडे विश्रांती’. असं सगळ्यांच्याच कार्डावर लिहितात. २८ फेब्रुवारीला तारा काढल्या तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘हालचाल व हलके काम सुरू करावे’. त्यांच्या मनात होतं, बोट हलवा, वाटी उचला, नाहीतर सांधा आखडेल. कंपनीनं वाचलं, बाई कामाला लागली. सहा आठवड्यांचे तीस हजार देऊन खातं बंद.

आणि खरी चूक माझी पुढे झाली. त्या वेळी मुलीची बारावीची परीक्षा चालू होती. तपासणीचे चारशे रुपये, वर रिक्षा, आणि डॉक्टर सांगणार तेच, व्यायाम करा. म्हणून मार्च आणि एप्रिलचे पहिले दिवस मी गेलेच नाही. घरी गरम पाण्यात हात बुडवून बसायची. अंगठा आखडतच गेला. शेवटी ११ एप्रिलला गेले, तर डॉक्टर म्हणाले, आता सांधा सुटणार नाही, दुखायचा थांबवायचा असेल तर तो कायमचा जखडून टाकावा लागेल. दुसरं ऑपरेशन. मग प्लास्टर, मग फिजिओथेरपी. ४ जुलैला मी पुन्हा मशीनवर बसले, तेही सरळ टीप मारण्यापुरती.

हिशेब करा. १७ जानेवारी ते ४ जुलै, चोवीस आठवडे. पहिले सहा आणि शेवटचे बारा कागदावर आहेत. मधल्या सहा आठवड्यांचा एकही कागद नाही. त्या सहा आठवड्यांचे पैसे मला शेवटपर्यंत मिळाले नाहीत, आणि मिळाले नाहीत हे चुकीचंही म्हणता येत नाही. मी बरी नव्हते, फक्त दवाखान्यात गेले नव्हते. चारशे रुपये वाचवायला गेले आणि तीस हजार घालवले.

तेव्हा ज्यांचा असा दावा चालू आहे त्यांनी दर भेटीला डॉक्टरांना दोन वाक्यं स्वतःहून सांगावीत: मी अमुक काम करते, आणि मला अमुक जमत नाही. आणि ते चिठ्ठीवर लिहून मागावं. ‘सुधारणा आहे’ एवढंच लिहिलं तर कंपनीच्या दृष्टीनं आपण बरे झालो. डॉक्टर वाईट नसतात. त्यांना हाड दिसतं, काज करायची सुई दिसत नाही. माझ्या डॉक्टरांना मी पुढे एकदा कात्री आणि अस्तराचा तुकडाच नेऊन दाखवला. त्यांनी बघितलं, हसले नाहीत, आणि लिहून दिलं: ‘उजव्या अंगठ्याची चिमटीतील पकड अत्यंत क्षीण. कापड कापणे, सुई धरणे, हुक लावणे या कामांस दि. ४ जुलैपर्यंत पूर्णतः अयोग्य.’ हे पत्र नसतं तर पुढचे बारा आठवडेही गेले असते.

एक बारकावा इथंच. काही पॉलिसींत लिहिलेलं असतं, ‘नेहमीचा व्यवसाय’ करता येत नसेल तर आठवडी भरपाई. काहींत लिहिलेलं असतं, ‘कोणत्याही प्रकारचे काम’. माझ्या पॉलिसीत दुसरं होतं. कंपनीचं म्हणणं, शिवता येत नसेल, पण दुकानात बसून गिऱ्हाईक तर घेता येतं. अहो, गिऱ्हाईक घेऊन शिवणार कोण? मी हेच लिहून पाठवलं, जरा सभ्य भाषेत. आपल्या पॉलिसीत यातलं कुठलं वाक्य आहे हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवावं. डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं ते त्यावर ठरतं.

मग उत्पन्नाचा पुरावा. इन्कम टॅक्सचं रिटर्न द्या. माझं उत्पन्न कराच्या मर्यादेत बसतच नाही, रिटर्न कुठलं आणू? आयकर भरत नाही म्हणजे कमवत नाही, असा यांचा समज. माझ्याकडे मापाची वही होती. प्रत्येक पानावर बाईचं नाव, तारीख, छाती-कंबर-बाही, गळ्याचं चित्र, आणि कोपऱ्यात स्टेपल केलेली कापडाची चिंधी, अदलाबदल होऊ नये म्हणून. भाच्यानं मागच्या एका वर्षाच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, गिऱ्हाइकांची आडनावं झाकून. चिंध्यांमुळे झेरॉक्सवर प्रत्येक पानाला एक काळा चौकोन आला. त्याला जोडून बँकेचा उतारा, त्यात दोनशे, साडेतीनशे, पाचशे असे फोनवरून आलेले पैसे. वहीत शेवटचं माप १६ जानेवारीचं, त्यापुढचं पान ६ जुलैचं. मध्ये कोरं. दवाखान्याच्या फाइलीतल्या कोऱ्या जागेनं मला बुडवलं आणि वहीतल्या कोऱ्या जागेनं तारलं, असा योग. छोट्या धंद्याची सरकारी नोंद, म्हणजे उद्यम नोंदणी, मी आजारपणात केली, ती आधी केलेली असती तर बरं झालं असतं. फुकट असते ती.

सहीचं तर विचारू नका. दाव्याच्या फॉर्मवर सही हवी, ती बँकेतल्या सहीशी जुळायला हवी, आणि सही करायचा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं केलेली सही म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखी. फॉर्म परत आला, ‘सही जुळत नाही’. बरं, अंगठा उठवावा तर... असो. शेवटी बँकेत व्यवस्थापकांसमोर डाव्या हाताची सही केली, त्यांनी ‘माझ्यासमोर केली’ असं लिहून शिक्का दिला, सोबत डॉक्टरांचा दाखला. ज्याचा लिहिता हात दुखावलाय त्यानं हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं, माझे यात तीन आठवडे गेले.

मे महिन्यात एक तपासनीस घरी आले. चांगले होते बोलायला. मी डाव्या हातानं चहा गाळून दिला, त्यांनी चहा गाळतानाचा फोटो काढला. का, म्हटलं. रिपोर्टला लागतो. जाताना इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे केला, जबाब म्हणून, इथं सही करा ताई. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यात होतं की मी आता घरातली नेहमीची कामं करते. मी म्हटलं, हे मी बोलले नाही. ते म्हणाले, फॉरमॅट असतो. मी सही केली नाही. मुलीला समोर बसवून मराठीत जबाब लिहवला: कुकरचं झाकण लावता येत नाही, गॅसचा लायटर दाबता येत नाही, केस बांधायला मुलगी लागते, पदराला पिन लावता येत नाही, चहा डाव्या हातानं गाळते. खाली वेडीवाकडी सही. एक प्रत त्यांना, एक मला, आणि माझ्या प्रतीवर त्यांची सही. तपासनीस आपलं काम करत होते, मी माझं केलं.

कायमच्या अपंगत्वाचा भाग अजून बाकी होता. माझ्या पॉलिसीत अट होती की अपंगत्व अपघातापासून बारा महिन्यांच्या आत कायम ठरलेलं असावं. हे बारीक अक्षरात, सोळाव्या पानावर. बहुतेक लोक म्हणतात, बघू, अजून थोडा व्यायाम करू, सुधारेल. वर्ष निघून जातं. मी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिव्यांगांच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला आणि नोव्हेंबरमध्ये साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, उजव्या हाताचं १७ टक्के अपंगत्व. शेजारच्या एका काकांनी विचारलं, चाळीसच्या खाली सवलत नाही, मग खटाटोप कशाला? हे खरंच आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या बहुतेक सवलतींना चाळीस टक्के लागतात. पण विम्याला सतराही चालतात. सरकारी डॉक्टरांनी मोजून दिलेला आकडा हातात असला की बोलणी वेगळी होतात.

आता कंपनीचं उत्तर ऐका. ‘विमाधारकाचा अंगठा विलग झालेला नाही, सबब दावा देय नाही.’ म्हणजे अंगठा हाताला चिकटलेला आहे ना, मग तक्रार कसली? मी पुन्हा ती बत्तीस पानं काढली. भाचा वाचायचा, मुलगी अर्थ सांगायची, मी ऐकायची. व्याख्यांच्या पानावर सापडलं: ‘गमावणे’ म्हणजे अवयव शरीरापासून विलग होणे किंवा त्याचा वापर पूर्णपणे व कायमचा बंद होणे. ‘किंवा’! कंपनीच्या पत्रात त्या ‘किंवा’च्या पुढचं काहीच नव्हतं. आणि तक्त्याच्या तळाला आणखी एक ओळ होती: वर न दिलेलं कोणतंही कायमचं अंशतः अपंगत्व, वैद्यकीय मूल्यमापनानुसार टक्के. सगळे वरच्या ओळी वाचतात. माझं सगळं प्रकरण त्या तळाच्या ओळीत होतं.

या सगळ्या काळात ‘क्लेम करून देतो’ म्हणणारे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. मिळतील त्यातले वीस टक्के, आणि मूळ कागद त्यांच्याकडे द्यायचे. मी दिले नाहीत. शिकलेली फार नाही मी, पण एवढं कळतं की ज्याचं माप आहे त्यालाच उभं राहावं लागतं. मूळ कागद कुणालाही देऊ नयेत, कंपनीलासुद्धा नाही. मागितले तर दाखवावेत, साक्षांकित प्रत द्यावी, एक्स-रेचे फोटो काढून ठेवावेत. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी ई-मेल करावी: आज अमुक वाजता अमुक साहेब असं म्हणाले. माझ्या भाच्यानं ही सवय लावली. दोनदा असं झालं की फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांनी ई-मेल गेल्यावर ‘तसं म्हटलेलं नाही’ असं कळवलं. बरं झालं, निदान कळलं तरी.

तीस हजार देताना कंपनीनं एक पावती पाठवली होती, ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही.’ सही केल्याशिवाय पैसे नाहीत. घरात रेशनला पैसे नव्हते. मी सही केली, पण वर लिहिलं, ‘हरकत राखून, उर्वरित दाव्याचा हक्क अबाधित ठेवून’. रकमेबद्दल वाद असताना अशी पावती ग्राहकाच्या हक्काच्या आड येऊ नये, असं नियामकाचं २०१५ चं परिपत्रक आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. ते शब्द भाच्याच्या ठेकेदाराचे, सरकारी बिलं घेताना तो तसंच लिहितो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. मार्चमध्ये उत्तर आलं, जुनंच, फक्त लेटरहेड चांगलं. नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर आणि बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवली. त्यानं एवढं झालं की कंपनीत माझ्या फाइलीला एक नवा माणूस मिळाला.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणारे अधिकारी. पुण्याला नारायण पेठेत त्यांचं कार्यालय आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिनं फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही की जायचं, आणि फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जायचं. फी शून्य. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. हे शेवटचं मला वाचूनच गंमत वाटली, माझं भांडण किती लाखांचं!

अर्ज मराठीतच लिहिला. दोन पानं. पहिल्यांदा भाच्यानं अकरा पानं लिहिली होती, त्यात माझं वैधव्य, मुलीचं शिक्षण, कंपनीचा माज, सगळं होतं. मी म्हटलं, हे काढ. ब्लाउजला जेवढं कापड लागतं तेवढंच घ्यायचं. डाव्या बाजूला पॉलिसीतलं वाक्य, उजव्या बाजूला माझा कागद आणि त्याचा पान क्रमांक, अशा सहा ओळी. मागणी आकड्यात: राहिलेले अठरा आठवडे, नव्वद हजार. अंगठा २५ टक्के, अडीच लाख. मिळणार नाही हे माहीत असूनही मधल्या सहा आठवड्यांचं मागितलं.

सुनावणी फोनवर चित्रासकट झाली. मी मशीनच्या खोलीतच बसले होते. कंपनीच्या बाजूनं एक तरुण मुलगी, हुशार, भराभर बोलणारी. ती म्हणाली, कंपनी सहानुभूतीनं एका पेराचे दहा टक्के द्यायला तयार आहे. लोकपालांनी मला विचारलं, नेमकं काय करता येत नाही? बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले. समोर कात्री पडली होती, दहा इंची, माझ्या सासूबाईंची. ती उजव्या हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर अस्तर कापायला गेले. कात्रीच्या कडीत अंगठा जातो, पण वळत नाही, त्यामुळे वरचं पातं उघडतच नाही. अस्तर दाताखाली चघळल्यासारखं झालं आणि कात्री खाली पडली. कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी त्या मुलीला विचारलं, तक्त्यातल्या शेवटच्या ओळीबद्दल कंपनीचं काय म्हणणं आहे?

निकाल लेखी आला. आठवडी भरपाई बारा आठवड्यांची, साठ हजार. मधले सहा आठवडे नाहीत, वैद्यकीय पुरावा नाही म्हणून. अपंगत्व तक्त्याच्या शेवटच्या ओळीप्रमाणे, सरकारी प्रमाणपत्राचे १७ टक्के, म्हणजे एक लाख सत्तर हजार. मागितले होते त्यापेक्षा एक लाख दहा हजार कमी. मी मान्य केलं. अडीच लाखांसाठी ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पण माझी दोन वर्षं आधीच शिवून झाली होती.

एक राहिलं. वीस रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमाही माझा होता, खात्यातून आपोआप कटतो. मला वाटलं, त्यातही मिळेल. नाही. त्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख आहेत, पण ते एका डोळ्याची दृष्टी किंवा एका हाताचा वा पायाचा वापर कायमचा गेला तर. अंगठा म्हणजे हात नव्हे. शिवणाऱ्या बाईला हे पटवणं अवघड आहे, पण शब्द तसे आहेत, आणि शब्द तसे असतील तर भांडण्यात वेळ घालवू नये. ज्यांना लागू पडतं त्यांनी मात्र ते सोडू नये, आणि शक्यतो तीस दिवसांत बँकेत अर्ज द्यावा. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत ना, तेवढं बघावं. आमच्या गल्लीतल्या दोघींचा विमा केवळ शिल्लक नसल्यानं तुटला होता आणि दोघींना पत्ताच नव्हता.

१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या पॉलिसीबरोबर एक सोपं माहितीपत्रक द्यायचं असतं, आणि ग्राहकानं मागितलं तर ते त्याच्या भाषेत. नूतनीकरणाच्या वेळी मी माझ्या कंपनीकडे तसं मराठीत मागितलं. ‘लवकरच पाठवतो’ असं उत्तर आलं. आपल्या वाचकांपैकी शंभर जणांनी तरी मागावं अशी माझी इच्छा आहे, मग ‘लवकरच’ जरा लवकर येईल.

मी आता डावखुऱ्यांची कात्री मागवली आहे. डाव्या हातानं कटोरी अजून नीट बेतता येत नाही, बाह्या जमतात. बेतायला एक मुलगी ठेवली आहे, सोमवार ते शनिवार, आणि तिचा अपघात विमा मी पहिल्या महिन्यातच काढला. पॉलिसी तांदळाच्या डब्याखाली नाही, मशीनच्या खणात आहे.

निकालाची रक्कम तीस दिवसांत द्यायची असते. कंपनीनं एकेचाळीस दिवसांनी दिली. अकरा दिवसांचं व्याज फार होत नाही, काही शे रुपये असेल. बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त, असा हिशेब करून मी मागणीचं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे. पोच अजून आलेली नाही. आली की फाइलीला लावीन.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)